खारीच्या चाकांतली हवा

अमरावती
२७ ऑक्टोबर २०२५

धर्मूदादा, जयभीम.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू नुसता "हाव, हाव" करतो अन् मंग विसरून जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर वाचून ठेवून देतो. कागदावर मात्र तू लहानपणापासून खरं बोलतो, म्हणून कागद. खुशालमामा रोज अकोल्याहून अमरावतीले अप-डाऊन करतातच, त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकून देते. "मी काय पोस्टमन हाव काय वं?" म्हणाले, पण नेतो म्हणाले.

दादा, गाडी तयार झाली. एमआयडीसीतल्या शेडमध्ये मी अन् अमोलनं बनवली ती. दोन सीटची, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, अन् वजन सात क्विंटल. तेवढं सोयाबीन लोक एका छोट्या हत्ती टेम्पोत टाकून मार्केटात नेतात. पुण्याच्या कंपनीत मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचं सस्पेन्शन आखलं, तिथं पाच-सहा साहेबांच्या सह्या लागायच्या एक स्प्रिंग बदलायले. ही गाडी मात्र सगळी आमची आहे. नाव ठेवलं 'खार'. देवमनमावसाच्या जीपपुढून धारणीच्या रस्त्यावर खारी कशा सटकायच्या, आठवते? तुझे बाबा हॉर्न नाही वाजवायचे, ब्रेक दाबायचे. पॅसेंजर चिडायचे अन् आपण दोघं टाळ्या पिटायचो.

आता कामाचं सांगते. पुण्या-नाशिकच्या क्लबातले स्पोर्ट्स कारचे शौकीन येऊन गेले. आत बसले, फोटो काढले, इंजिनाच्या झाकणाले हात लावू लावू पाहिलं. घ्यायची इच्छा आहे, पण सगळ्यांचं एकच म्हणणं: 'चौथा गिअर' मासिकात धर्मेंद्र काय लिहितात ते पाहू, मंग ठरवू. आपण भाऊ-बहीण आहो हे त्यांना मी सांगून टाकलं, लपवायचं काय त्यात. अमोलले ट्रॅक्टरच्या कारखान्यातून बोलावणं आलं आहे, तो तुझ्या लेखापर्यंत थांबतो म्हणाला. म्हणजे लेख चांगला आला तर शेड चालते, नाही तर कुलूप.

मले स्तुती नको. चालव, अन् जशी वाटली तशी लिही.

तुझी
दीक्षा


जुने शहर, अकोला
३० ऑक्टोबर २०२५

दीक्षू, जयभीम.

आईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. आता "माझ्या बहिणीच्या पोरीनं मोटार बनवली" अशी दवंडी मोर्णा नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पिटून झाली आहे. भाजीवालीनं विचारलं, किती सीटची? दोनची म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं, "मंग लेकरं कुठं बसतीन?"

लिहितो मी. पण आधी ऐक, स्पोर्ट्स कारचा शौकीन काय चीज असते ते. तो म्हणजे जावई माणूस. किती चांगलं वाढा, खोट काढल्याबिगर जेवल्यासारखं वाटत नाही त्याले. गाडी किती लांब, किती रुंद, शंभरचा वेग किती सेकंदात, हे सगळं त्याले इंटरनेटवर फुकट भेटते. त्याच्यासाठी तो अंक घेत नाही. त्याले पाहिजे स्टिअरिंगमधून तळहातात काय आलं ते. ब्रेक तापल्यावर पाय कुठवर गेला ते. वळणाच्या मधात अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर गाडीचा मागचा भाग काय करते ते. अन् सगळ्यात जास्त पाहिजे, लिहिणारा विकला गेला नाही याचा पुरावा. तो पुरावा म्हणजे खोट. लेखात खोट नसली तर तो मानतच नाही की तू गाडी चालवली.

मले हे माहीत असूनही ऑगस्टमध्ये शेण खाल्लं. एका परदेशी कंपनीनं गोव्याले नेलं. गाडी चांगली होती, तर चांगली लिहिली. लेख इंटरनेटवर टाकला, त्याच्याखाली लोकांनी काय लिहावं? "धर्मेंद्रभाऊ, हॉटेल कसं होतं?" एकानं लिहिलं की मंग सगळ्यांनी तेच. आता काहीही लिहिलं की खाली हॉटेलच. पंधरा वर्षं उन्हातान्हात, दुसऱ्याच्या गाड्यांत पाठ मोडून कमावलेली अब्रू, अन् तिची अशी पानाची पिचकारी केली बेट्यांनी.

अन् आता बहिणीची गाडी! म्हणून दोन अटी. छापायच्या आधी लेख तुले दाखवणार नाही. अन् जे दिसलं ते लिहीन, मंग तू रड का भांड. मंजूर असेल तर तारीख कळव.

तुझा
धर्मूदादा


अमरावती
६ नोव्हेंबर २०२५

दादा, जयभीम.

दोन्ही अटी मंजूर. तू खोट काढावी म्हणूनच तर तुले बोलावून राहिली. रविवारी सकाळी ये, खार घेऊन जा, परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढ-उतर कर. मी सोबत येत नाही, नाही तर तुझे जावई म्हणतील बहीण मांडीवर बसून लिहून घेत होती.

एकच सांगते, बाकी काही सांगत नाही. चाकांतल्या हवेले हात लावू नको. चाकं तुले बसल्यासारखी दिसतील, पण ती तशीच पाहिजे. पुढे अठरा, मागे बावीस. इतकी हलकी गाडी आहे, तिची निम्मी स्प्रिंग म्हणजे ते टायरच. धारणीच्या रस्त्यानं आमच्या सस्पेन्शनचे दोन दांडे तोडले, तेव्हा कुठं हा आकडा सापडला. शेड उघडली त्या दिवशी तू मले देवमनमावसाचं हवा मोजायचं मीटर दिलं होतं ना, पितळेचं, त्यानंच रोज मोजते. रविवारीही त्यानंच मोजून देईन.

मैनामावशीले सांग, भाजीवालीच्या लेकरांसाठी मागच्या झाकणावर जागा आहे.

दीक्षा


जुने शहर, अकोला
११ नोव्हेंबर २०२५

दीक्षू,

अव बाई, काय इंजिन बसवलं तू! पाठीमागून असं गुरगुरते की मान वळवून पाहावं वाटते. गिअर तर लोण्यात सुरी. परतवाड्यापर्यंत मी एकटाच हसत होतो, ट्रकवाले येडा समजले असतील. हे सगळं लेखात आहे, आधी हे सांगतो.

परतवाड्याच्या पंपावर थांबलो. चाकं पार बसलेली दिसली, पंपावरचा माणूसही म्हणे, "साहेब, हवा मारून घ्या, वर पंक्चर झालं तर कोणी भेटत नाही." तुले माहीत आहे आमच्या बाबाचा नियम. जीप असो का सायकल, हवा पाह्यल्याबिगर घाट चढायचा नाही. पंधरा वर्षांत एकही गाडी मी त्याशिवाय वर नेली नाही, हात आपोआप तिकडंच जातो. घेतली आपली नेहमीची बत्तीस, चारही चाकांत. तेवढी तरी काळजी घेतली तुझ्या लेकराची.

आता मन घट्ट कर. उतरताना, त्या मोठ्या उलट्या वळणावर रस्ता थोडा खरबडा आहे. वळणाच्या मधात मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला अन् मागचा भाग दोन उड्या मारून दरीकडे निघाला. कसाबसा सावरला. गाडी बाजूले लावली अन् दगडावर बसून राहिलो. माकडं पाहत होती माझ्याकडं. भीती वाटली, दीक्षू, खरी भीती. कितीक गाड्या चालवल्या, अशी वाटली नव्हती.

घरी आलो अन् बसलो लिहायले, ते उठलोच नाही. एक शब्द खोडावा लागला नाही. कालच संपादकाले पाठवला, तो फोनवर ओरडला, "धर्मेंद्र, गोवा धुऊन निघालं!" तुले वाईट वाटेल हे मले समजते. पण तूच म्हणली होती जशी वाटली तशी लिही. आजपर्यंत लिहिलेल्यातलं हे सगळ्यात चांगलं आहे.

धर्मूदादा


अमरावती
१२ नोव्हेंबर २०२५

धर्मूदादा,

मामाले फाटकातच थांबवलं अन् उभ्या उभ्या लिहून राहिली.

तू बत्तीस हवा भरली? काहून? मी पत्रात लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बत्तीस म्हणजे त्या चाकांचे दगड केले तू. खरबड्या रस्त्यावर दगड उडतो, टेकत नाही. मागे सगळं इंजिनाचं वजन, चाक हवेत, मंग ते दरीकडे नाही तर काय देवळाकडे जाईल? तू मेला असता ना रे! हे पहिले डोक्यात आलं माझ्या, लेख मंग.

लेख थांबव. अंक महिन्याच्या शेवटी छापायले जातो, तूच सांगत असतो. या रविवारी ये. माझ्या हवेवर तेच वळण, तसाच मधात पाय सोड, मी बाजूच्या सीटवर बसते. जिवाची खात्री आहे म्हणूनच बसते. तरी मागचा भाग सुटला तर तुझा लेख आहे तसा छाप, मी स्वतः क्लबवाल्यांना वाचून दाखवीन.

बाकी काही मागत नाही. एक रविवार दे.

दीक्षा


अकोला
१४ नोव्हेंबर २०२५

चि. दीक्षास,

तुझे पत्र मिळाले. तुझ्या भावना मी समजू शकतो. परंतु काही गोष्टी शांतपणे लक्षात घ्याव्यास, असे वाटते.

लेखाची पाने लागलेली आहेत. मुखपृष्ठही तयार झाले आहे. या टप्प्यावर मी लेख मागे घेतला, तर संपादक आणि वाचक दोघेही एकच अर्थ काढतील, की बहिणीने दबाव आणला. ते तुझ्यासाठीही चांगले नाही.

दुसरे असे, की जी गाडी दहा-बारा आकडे हवेने बिघडते, ती गाडी सदोषच म्हणावी लागेल. तुझा ग्राहक उद्या पंपावर जाणार आणि पंपावरचा माणूस त्यालाही बत्तीसच भरून देणार. मी जे अनुभवले तेच त्याला अनुभवायला मिळणार. त्या दृष्टीने पाहिल्यास माझी चाचणी अधिक वास्तव होती. हवेचा उल्लेख लेखात केलेला नाही, कारण वाचकांना अशा बारीक तपशिलात रस नसतो.

या रविवारी मला नागपूरला जायचे आहे. रागावू नकोस. आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझा,
धर्मेंद्र


अमरावती
१९ डिसेंबर २०२५

धर्मूदादा,

तू 'चि. दीक्षास' लिहिलं तेव्हाच मले समजलं. घरातला माणूस घरातल्याशी पुस्तकासारखं बोलायले लागला की त्याच्या पोटात काहीतरी लपलेलं असते. खुशालमामालेही समजलं. पाकीट देताना म्हणाले, "यात काही चांगलं दिसत नाही वं, फोडू नको." मी फोडलं.

अंक आला. चौकातल्या पेपरवाल्याकडे उभी राहूनच वाचला. तुझी ती ओळ त्यांनी फोटोखाली ठसठशीत छापली: "खार दिसायला गोड, पण घाटात मागून चावते." छान आहे ओळ. म्हणूनच तर गावभर झाली. पोट्टे मोबाइलवर खारीचं चित्र काढून दात लावून पाठवून राहिले एकमेकांना. एकानं मलेच पाठवलं, ही कोणाची गाडी म्हणून. अन् तुझ्या जावयांनी खाली काय लिहिलं ते मी सगळं वाचलं. "याला म्हणतात लेखणी!" "बहिणीलाही सोडलं नाही, वा भाऊ!" हॉटेलचं नाव कोणी काढलं नाही. तुझी अब्रू परत आली, दादा. माझ्या गाडीवरून आली.

क्लबवाले एकेक करून मागे गेले. नाशिकचे एक डॉक्टर तेवढे फोनवर बोलले, बाकीच्यांनी उचललाही नाही. अमोल एक तारखेपासून ट्रॅक्टरच्या कारखान्यात जाते. जाताना त्यानं शेडची झाडलोट केली, नटबोल्टचे पाने एका ओळीत लावले अन् गेला. त्याले काय बोलू? तो थांबला होता तुझ्यासाठी.

मी एकटी गेली त्या वळणावर. आधी बत्तीस हवेवर. मागचा भाग सुटला, तू सांगतलं तसाच, अन् मीही तुझ्यासारखीच दगडावर जाऊन बसली. तुझी भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. मंग हवा काढली, अठरा अन् बावीस केली, अन् तेच वळण, तसाच पाय सोडला. काही झालं नाही. वळली अन् गेली. तीनदा केलं, तीनदा तेच. व्हिडिओ काढला, तुझ्या संपादकाले पाठवला. त्यांचं उत्तर आलं की वाचकांची या विषयातली उत्सुकता आता संपली आहे.

तुझ्या पंपवाल्याचं म्हणणं मात्र मी मनावर घेतलं. बरोबर आहे तुझं, लोकं बत्तीसच भरतील. त्याच्यासाठी दारावर पत्रा ठोकता आला असता, चाकाच्या टोपणावर आकडा कोरता आला असता, एका दुपारचं काम होतं. तू लेखात तेवढं लिहिलं असतं ना, "मी बत्तीस भरली अन् सुटली, दीक्षानं लोकांना हे ओरडून सांगितलं पाहिजे," तर ती खरी खोट होती. मी तुझे पाय धरले असते. पण त्यात मजा नव्हती. दात असलेली खार पाहिजे होती तुले.

सहा डिसेंबरले घरी सगळे जमले होते, मैनामावशी दारापर्यंत येऊन "दीक्षा काहून आली नाही" विचारत होती म्हणे. काय सांगतलं तू तिले?

दीक्षा


जुने शहर, अकोला
२३ जानेवारी २०२६

दीक्षू,

महिना झाला तुझं पत्र येऊन. तीनदा लिहिलं अन् फाडलं. आईले मी सांगतलं होतं तुले ताप आहे. काल खुशालमामा जेवायले आले अन् त्यांच्या तोंडून सगळं निघालं. आईनं माझं ताट तसंच ठेवलं अन् आत गेली. तेव्हापासून बोलत नाही. सकाळी चहा ठेवते माझ्यापुढे, पण कपाचा कान भिंतीकडे.

व्हिडिओ पाहिला मी. संपादकानं पाठवला नव्हता, मीच मागून घेतला. गाडी वळली अन् गेली, तू लिहिलं तशीच. चूक माझी आहे. पूर्ण नाही म्हणत, पंपाचं मी बोललो ते अजूनही खरं वाटते मले, पण अर्धी तरी माझी आहे. अर्ध्याच्या वरही असेल.

संपादकाशी भांडलो. त्यानं या अंकात चार ओळी देल्या, शेवटच्या पानावर, जुन्या गाड्यांच्या जाहिरातींच्या खाली. 'चाचणीच्या वेळी चाकांतील हवेचा दाब उत्पादकाने सांगितल्यापेक्षा जास्त होता' वगैरे. माझ्या नावानिशी देल्या. लोक काय म्हणतील ते म्हणतील.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मले खार पुन्हा दे. मोठा लेख लिहितो, आठ पानांचा. त्याच वळणावर जातो, तुझ्या हवेवर, तू बाजूले. भीती, चूक, माफी, सगळं त्यात येईल. शौकिनांना असं भल्लं आवडते, पडलेली गाडी पुन्हा उठते ते. डोक्यात सुरुवात तयार आहे: "मी ज्या दगडावर बसून घाबरलो होतो, तो दगड अजून तिथंच आहे." संपादक म्हणे मुखपृष्ठ देऊ. क्लबवालेही परत येतील पाह्य. कधी येऊ ते कळव फक्त.

तुझा
धर्मूदादा


अमरावती
२ फेब्रुवारी २०२६

दादा,

चार ओळी वाचल्या. खाली तुझ्या जावयांनी लिहिलेलंही वाचलं, तू वाचलं नसशील तर सांगते. "शेवटी बहिणीनं लिहून घेतलंच." "भाऊ, राखीला काय मिळालं?" अन् एकानं, "हॉटेल कसं होतं?" पहिल्यांदा तू खोटं लिहिलं तर वा वा झाली, अन् आता खरं लिहिलं तर विकला गेला. असे वाचक पंधरा वर्षं तूच पोसले. सांभाळ आता त्यांना.

खार देता येत नाही. खार नाही आता. इंजिन एका कॉलेजानं नेलं, पोट्ट्यांना शिकवायले. सांगाडा अमोलच्या कारखान्यातल्या माणसानं येऊन कापला, मी समोर उभी होती. शेडच्या मालकाले चावी दिली. पुढच्या आठवड्यात पुण्याले जाते, जुन्याच कंपनीत, जुन्याच साहेबांच्या हाताखाली. ते हसले नाहीत, तेवढे चांगले आहेत बिचारे.

अन् असती तरी दिली नसती. तुझी सुरुवात वाचली. तुले अजूनही दगडच दिसून राहिला, अन् त्या दगडावर बसलेला तू. माझी गाडी तुले पहिल्यांदा दात लावायले पाहिजे होती, आता उठवायले पाहिजे. चालवायले कधी पाहिजे होती?

एक गोष्ट मात्र सांगूनच जाते, कारण ती तू विसरून गेला अन् मले त्याचंच जास्त लागलं. तू बाबाचा नियम लिहिला, "हवा पाह्यल्याबिगर घाट चढायचा नाही." अरे, पाह्यल्याबिगर! देवमनमावसा पाहायचे. सेमाडोहले पॅसेंजर उतरले, जीप रिकामी झाली की उतरून मीटर लावायचे अन् हवा काढून टाकायचे. तू मागच्या चाकाचं टोपण धरायचा, मी पुढच्याचं. रिकामी जीप दगडी चाकांवर उड्या मारते, लेकरांच्या पाठी मोडतील, असं म्हणायचे. हे मी त्यांच्याकडून शिकली अन् तेच खारीत घातलं. कॉलेजात नाही, कंपनीत नाही, तुझ्या बाबाच्या जीपमागे वाकून शिकली. अन् तू त्यांचं नाव घेऊन बत्तीस भरली.

मावशीले सांग, मी जायच्या आधी येऊन भेटते, तू घरी नसताना. खुशालमामाले सांगतलं आहे की हे पत्र शेवटचं, आता इकडून तिकडे काही न्यायचं नाही. ते म्हणाले, "बरं वं बाई," अन् रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

पाकिटासोबत मावसाचं मीटर पाठवून राहिली. पितळेचं आहे, पडू देऊ नको. काटा अजून बरोबर दाखवते.

दीक्षा